रेडिओवाल्याची मर्जी

न्यू जर्सीतल्या आमच्या गोदामाचा फोरमन दुपारी बाराच्या ठोक्याला सँडविच घेऊन आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसायचा. रेडिओवर एएम ७७० लागलेलं असायचं आणि त्यावर उजव्या विचारांचा निवेदक रश लिंबॉ. फोन करणारे श्रोते आधी ‘डिट्टो’ म्हणायचे, म्हणजे तुमचं तेच आमचं. रशने दुपारी ज्याला झोडपलं, त्याला हा गडी संध्याकाळपर्यंत आमच्यापुढे त्याच शब्दांत झोडपायचा.

उमेदवारांना हवा असतो तो असा श्रोता. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार आधी प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, ठरतो. तिथे मतदान मुळात कमी होतं, त्यामुळे असे कट्टर श्रोते भारी पडतात. असे एकतर्फी कार्यक्रम शक्य झाले ते नियम बदलल्यामुळे. वादग्रस्त विषयाची दुसरी बाजूही ऐकवा, हा प्रसारकांवरचा नियम १९८७मध्ये रद्द झाला. गाणी आधीच एफएमवर गेल्यामुळे एएम केंद्रांना काहीतरी हवंच होतं. १९८८मध्ये लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागला.

१९९२मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशना त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या पॅट ब्यूकॅनननी प्रायमरीत घाम फोडला. लिंबॉचा कल ब्यूकॅननकडे. मग जूनमध्ये लिंबॉला व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाचं आमंत्रण गेलं, लिंकन बेडरूम मिळाली आणि राष्ट्राध्यक्षांनी पाहुण्याची बॅग स्वतः उचलली. लिंबॉ हा किस्सा पुढे रंगवून सांगायचा. सांगणारच! नोव्हेंबरात बुश हरले. लिंबॉचं काय बिघडलं? डेमोक्रॅट क्लिंटन निवडून आल्यामुळे आठ वर्षांचा विषय मिळाला. माझ्या मते उमेदवार इथेच फसतात. त्यांना निवडणूक जिंकायची असते, रेडिओवाल्याला श्रोते टिकवायचे असतात.

शिवाय लिंबॉची ताकद वाटते तेवढी नव्हती. २००८मध्ये त्याने रिपब्लिकन इच्छुक जॉन मकेनवर सतत तोफा डागल्या, तरी उमेदवारी मकेननाच मिळाली. पण एकेकट्या खासदाराला त्याला दुखावण्याचं धाडस परवडत नसे. जॉर्जियाचे रिपब्लिकन खासदार फिल गिंग्री जानेवारी २००९मध्ये म्हणाले, की बाहेर बसून दगड मारणं लिंबॉसारख्यांना सोपं आहे. मतदारसंघातून संतापाचे फोन सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी गिंग्रींनी लिंबॉच्याच कार्यक्रमात फोन करून माफी मागितली. फेब्रुवारीच्या अखेरीस खुद्द पक्षाध्यक्ष मायकल स्टील लिंबॉला नुसता करमणूक करणारा म्हणून बसले. दोनच दिवसांत त्यांनाही माफी मागावी लागली.