अलीपूरचे हिवाळी पाहुणे

डिसेंबर उजाडला की कोलकात्याला थंडीचं कोण कौतुक! पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो न उतरतो, तोच शाली, स्वेटर आणि बंगाल्यांची लाडकी माकडटोपी कपाटातून बाहेर पडते. नाताळची सुट्टी लागली की ही सगळी लोकर अलीपूरच्या प्राणीसंग्रहालयाकडे लोटते. डब्यात लुची आणि आलूर दम, पिशवीत दार्जिलिंगची संत्री, खांद्यावर पेंगुळलेलं पोर, असा लवाजमा घेऊन माणसं सकाळपासून रांगेत उभी राहतात. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे गर्दीच्या उच्चांकाचे दिवस. एकेका दिवसाचा आकडा ऐंशी हजारांच्या घरात जातो, कधी लाखालाही टेकतो. आणि बाग केवढी? साडेशेहेचाळीस एकर. मुंबईच्या राणीबागेपेक्षाही थोडी लहानच.

या गर्दीने जीवही घेतला आहे. १ जानेवारी १९९६ रोजी दारूच्या नशेत दोघे जण वाघाचा खंदक ओलांडून आत उतरले. हातात झेंडूची माळ होती आणि नववर्षानिमित्त ती वाघाच्या गळ्यात घालायची होती. वाघाचं नाव शिवा. त्या दोघांपैकी एक जण परतला नाही.

ही बाग सुरू झाली तीही एका हिवाळ्यातच. १ जानेवारी १८७६ रोजी, भारतदौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती सर्वांसाठी खुली झाली. बागेची योजना मार्गी लावली ती बंगालचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांनी. पुढच्याच वर्षी ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी कापणारा साहेब म्हणून ज्यांचं नाव इतिहासात राहिलं, तेच हे टेम्पल. पहिले प्राणी मात्र बऱ्याच अंशी कार्ल श्वेंडलर यांच्या खासगी संग्रहातून आले. श्वेंडलर जर्मन होते आणि तारखात्यात विजेचे तज्ज्ञ होते. लॉर्ड वेलस्लीने बराकपूरला जमवलेल्या प्राण्यांपैकी काहींची रवानगीही पुढे इथेच झाली. ‘अद्वैत’ नावाचं अल्दाब्रा जातीचं महाकाय कासव त्या जुन्या काळातलं. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतलं होतं आणि अडीचशे वर्षं जगलं, असं सांगितलं जातं. वयाचा पुरावा नाही, पण २००६च्या मार्चमध्ये ते गेलं तेव्हा बातमी जगभर छापून आली.

राजपुत्र आणि लाटसाहेबांच्या या गोष्टीत खरं काम केलं ते रामब्रह्म सान्याल या तरुणाने. सान्याल मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. डोळ्यांच्या तक्रारीमुळे शिक्षण अर्धवट सुटलं. त्यांचे शिक्षक जॉर्ज किंग वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. त्यांनी सान्यालांना बागेच्या उभारणीत मजुरांवर देखरेखीचं काम मिळवून दिलं. तिथून वर चढत ते या संग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक झाले. रोज कोणी काय खाल्लं, कोण आजारी पडलं, कोण माजावर आलं, कुठलं औषध लागू पडलं, याची नोंद ठेवायची त्यांना शिस्त होती. त्या नोंदींतून १८९२ मध्ये बंदिवासातल्या प्राण्यांच्या संगोपनावर इंग्रजी हस्तपुस्तिका तयार झाली. कोणता प्राणी थंडीत कसा वागतो, कोणाला काय खायला घालावं, पिल्लं झाल्यावर काय जपावं, असा त्यात पिंजऱ्यासमोर उभं राहून गोळा केलेला मजकूर आहे. लंडनच्या ‘नेचर’नेही त्या पुस्तकाची दखल घेतली.

त्या शिस्तीचं सर्वांत मोठं फळ १८८९च्या जानेवारीत दिसलं. अलीपूरमध्ये सुमात्रा गेंड्याच्या मादीला पिल्लू झालं. गेंड्यांच्या जातींत ही सर्वांत लहान, अंगावर केस असलेली आणि दोन शिंगांची. एके काळी तिचा वावर आसाम आणि चितगावच्या टेकड्यांपर्यंत होता. बंदिवासातच गर्भ राहून तिथेच पिल्लू जन्माला यावं, ही घटना या जातीत त्यानंतर ११२ वर्षं पुन्हा घडली नाही.

मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९८४पासून पुढच्या बारा वर्षांत प्रजननासाठी चाळीस सुमात्रा गेंडे जंगलातून पकडले गेले. त्यातले बहुतेक मेले आणि पिल्लू एकही झालं नाही. शेवटी अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणीसंग्रहालयात सोनोग्राफीच्या मदतीने एक गोष्ट उलगडली. या मादीचं अंडं आपोआप सुटत नाही, नराशी समागम झाल्यावरच सुटतं. त्यानंतरही गर्भ वारंवार पडत होते, तेव्हा मादीला संप्रेरक दिलं गेलं. १३ सप्टेंबर २००१ रोजी अंदालास नावाचा नर जन्मला. २००७ मध्ये त्याला इंडोनेशियातल्या वाय कांबास अभयारण्यात पाठवलं आणि २०१२ मध्ये तो बाप झाला. आज जगात ही जात पन्नासापेक्षा कमी उरली आहे.

सान्यालांकडे ना सोनोग्राफी होती, ना संप्रेरकं. वही होती. दुर्दैवाने ती परंपरा त्यांच्या मागे त्याच धारेने टिकली नाही. ते १९०८ मध्ये गेले. विसाव्या शतकात अलीपूरचं नाव झालं ते वेगळ्याच कारणाने. १९७१ मध्ये इथे नर वाघ आणि आफ्रिकन सिंहीण यांच्यापासून रुद्राणी ही ‘टायगॉन’ जन्मली. पुढे तिचा जोडा आशियाई सिंहाशी लावला आणि तिला ‘लिटिगॉन’ म्हणवणारी सात संकरित पिल्लं झाली. लोक लांबून बघायला आले. पण या प्राण्यांना परत सोडायला कुठलंही जंगल नव्हतं आणि त्यांनी वाघ वाढला नाही की सिंह. १९८५ मध्ये सरकारने असे संकर बंद केले. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि देशातल्या बागांना मान्यता, पिंजऱ्यांचे निकष, जातिनिहाय वंशावळीच्या नोंदी या चौकटीत यावं लागलं.

ही वंशावळीची नोंदवही आजच्या संवर्धनाचा कणा आहे. मणिपूरच्या सांगाई हरणाचं उदाहरण घ्या. लोकताक सरोवरावर तरंगणाऱ्या गवताच्या ‘फुमदी’वर चालणारं, शिंगांच्या कमानी भुवयांवर झुकलेलं हे हरीण. १९७५च्या पाहणीत याच सरोवराच्या भागातल्या कैबुल लामजाओत अशी अवघी चौदा हरणं सापडली. अलीपूरसह काही बागांमध्ये त्याची पैदास होत राहिली, म्हणून जंगलाबाहेर एक राखीव कळप शिल्लक राहिला. २०१६च्या गणतीत रानातली संख्या २६० वर पोहोचली होती. पण चौदांतून वाढलेल्या कळपात आतेभावंडं-मामेभावंडं किती एकत्र येतात, हे नोंदीशिवाय कळायचं कसं? कुठला नर कुठल्या बागेत पाठवायचा हे वहीच ठरवते.

आता सुरुवातीला पाहिलेल्या गर्दीच्या अडचणीकडे परत येऊ. भारतातल्या आठ प्राणीसंग्रहालयांतल्या सिंहपुच्छ माकडांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यासमोर प्रेक्षक असले की माकडांचं अंग चावणं, एकाच जागी येरझारा घालणं यासारखं विकृत वागणं वाढतं, असा त्याचा निष्कर्ष. नाताळच्या दिवशी अलीपूरमध्ये आरोळ्या मारणारी आणि काचेवर थापा देणारी गर्दी डोळ्यांसमोर आणली की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. शिवाय थंडीत प्राण्यांची सरबराईही वाढते. चिंपांझीला ब्लँकेट, सापांच्या घरात उबेचे दिवे, रात्रीच्या खोल्यांत कोरडं गवत. राखणदारांवर कामाचा भार सर्वाधिक असतो, नेमके तेच बागेच्या कमाईचेही दिवस असतात.

म्हणून पश्चिम बंगालमध्ये प्रदर्शन आणि पैदास यांची फारकत होऊ लागली. तिचा चांगला नमुना त्याच राज्यात उत्तरेला आहे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणी उद्यानाने (स्थापना १९५८) लाल पांडा आणि हिमबिबट्याच्या पैदाशीत नाव कमावलं. प्रजननासाठी राखलेले लाल पांडा मुख्य बागेत नसतात. घूमजवळच्या तोपकेदारा केंद्रात पर्यटकांना प्रवेश नाही. २००३ मध्ये दोन माद्यांना रेडिओ कॉलर घालून सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात सोडलं. एक बहुधा बिबट्याच्या तोंडी पडली, दुसरी जगली आणि रानात तिला पिल्लूही झालं. २०२२ ते २०२४ या काळात आणखी नऊ लाल पांडा सोडले. सोडण्याआधी त्यांना बांबू स्वतः शोधून खाण्याची आणि माणसापासून दूर राहण्याची सवय लावावी लागते. ती सवय गर्दीसमोर लागणं शक्यच नाही.

अलीपूरचे दुसरे हिवाळी पाहुणे तर पिंजऱ्यातले नाहीतच. बागेतल्या तळ्यावर एके काळी थंडीत हजारोंनी अडई बदकं उतरत. बंगाल्यांची ही ‘शराल’. शहराच्या मध्यावर, तिकिटाच्या दरात, कोणी न पाळलेली पाखरं बघायला मिळत. पुढे ती रोडावली. आसपास वाढलेल्या उंच इमारती, रात्रीचे दिवे आणि गोंगाट यांकडे पक्षीनिरीक्षक बोट दाखवतात. हावड्यातल्या सांत्रागाछी झिलवर मात्र अडई अजून मोठ्या संख्येने येते. तिथे हंगामापूर्वी जलपर्णी काढताना ती सरसकट उपटत नाहीत. पक्ष्यांना बसता यावं म्हणून तिची बेटं राखून ठेवतात. झिलमध्ये मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला. तळं राखायचं तर वनखातं, पालिका आणि रेल्वे अशा तिघांना एकत्र बसावं लागतं. अलीपूरच्या कुंपणाआड एकट्या अधीक्षकाला जमत होतं ते काम इथे तीन कचेऱ्यांत विभागलं आहे.