फायबरची होडी पांढरी पडते तेव्हा

लाकडी होडीला दरवर्षी तेल किंवा रंग लागतो, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. फायबरची होडी आली ती मात्र ‘हिला काही करावं लागत नाही’ अशी ख्याती घेऊन. काही उन्हाळे उलटले की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर तिच्या कडेवरून हात फिरवून पाहावा. तळव्याला खडूसारखी पूड लागते.

ती पूड म्हणजे होडीची कातडी. काचतंतू आणि रेझिनच्या थरांवर सर्वांत बाहेर जेलकोट असतो, म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन. त्याची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो आणि गुळगुळीत पृष्ठभाग बारीक खड्ड्यांनी भरून जातो. त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो, म्हणून निळी होडी राखाडी आणि लाल होडी गुलाबी दिसू लागते. पांढरीचीही झीज होतेच, फक्त उशिरा लक्षात येते.

घासायला घेण्याआधी ओलं फडकं फिरवावं. मूळ रंग वर आला आणि वाळताच पुन्हा गेला, तर जेलकोट शिल्लक आहे. पाणी लावूनही रंग येत नसेल किंवा खालची काचतंतूंची वीण दिसत असेल, तर पॉलिशवर पैसे घालू नयेत. तिथे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगच लावावा लागतो.

आधी गोड्या पाण्याने मीठ आणि वाळू पूर्ण धुऊन काढावी, नाहीतर तेच कण ओरखडे पाडतात. पाणरेषेवरचे पिवळट-तांबूस डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतात, हातमोजे हवेतच. मग होडी सावलीत घेऊन घासायचं कंपाउंड लावावं आणि लोकरी पॅडचं बफिंग मशीन कमी वेगावर फिरवावं. मशीन एका जागी थांबलं की उष्णतेने जेलकोट करपतो. काठाकोपऱ्यांवर हा थर पातळ असतो, तिथे हातानेच घासलेलं बरं. कंपाउंडने भागलं नाही तरच पाणकागद, तोही आधी बारीक: १००० नंबरने काम होत असेल तर ६०० ला हात लावू नये. नाकातोंडावर मास्क हवा.

कारागीर सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी की चकाकी ‘आणली’ जात नाही, मेलेला थर खरवडला जातो. जेलकोट आपोआप भरून येत नाही. दर मोसमाला कंपाउंड मारून होडी चमकवणारा मालक खरं तर मुद्दल खात असतो. म्हणून घासणं क्वचित आणि मेण वारंवार. कार्नोबा मेण किंवा पॉलिमर सीलंट लावून ठेवावं आणि आपल्याकडच्या उन्हात ते तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावावं. भांड्यांच्या साबणाने धुतलं तर हे मेण निघून जातं. सिलिकॉनची झटपट चमक देणारी द्रावणं शक्यतो टाळावीत. पुढे दुरुस्ती करताना त्यावर रंग धरत नाही. आणि चालायच्या खरबरीत डेकवर मेण मुळीच नको, ओल्या पायांचे पर्यटक आपटतील.

पावसाळ्यात होडी वर ओढली की अनेक जण ताडपत्री अंगासरशी आवळून बांधतात. वाऱ्याने ती फडफडते, आत अडकलेली वाळू पाणकागदासारखी घासत राहते आणि कोंडलेल्या ओलीने बुरशी येते. बांबूची आडवी दांडी टाकून ताडपत्री उंच ठेवली की खालून हवा खेळते.