एकाच वायूतून दोनदा वीज

उरणच्या वायुविद्युत केंद्राची क्षमता 672 मेगावॅट. त्यातले 432 मेगावॅट 108 मेगावॅटच्या चार वायू टर्बाइनांचे. उरलेले 240 जादा इंधन न जाळता मिळतात. टर्बाइनमधून बाहेर पडणारा झोत पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला असतो. तो धुराड्यातून वाया न घालवता त्यावर पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ 120 मेगावॅटचे दोन संच फिरवते. हेच संयुक्त चक्र. आधुनिक केंद्रांत अशाने इंधनातल्या ऊर्जेपैकी साठेक टक्के वीज हाती येते. कोळशाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा आणि राख नाहीच.

मात्र आखणी करताना यंत्रांआधी वायूची सोय पाहावी लागते. उरणला समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्राचा वायू जवळच किनाऱ्यावर येतो. उलट दाभोळचा सुमारे 1,967 मेगावॅटचा प्रकल्प 2013 मध्ये वायूअभावी थंडावला. वायूचा भाव आणि वाहिनीतली मिथेनगळतीही हिशेबात धरावी लागते, कारण मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडवतो. म्हणून अशी केंद्रे चोवीस तास चालवण्याऐवजी सूर्य मावळल्यावर सौर विजेची तूट भरून काढायला वापरणे शहाणपणाचे.