विश्लेषण : चाळीचा फळा मोबाइलमध्ये कुठे हरवला?

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात, तेव्हा रहिवासी विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत पांगतात. इमारत पाडली जाते आणि उरतो तो व्हॉट्सॲप ग्रुप. करारनाम्याचा मसुदा, भाड्याच्या धनादेशाची तारीख, सभेची सूचना सारे तिथेच येते आणि ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली तिथेच गाडले जाते. गप्पांचा ग्रुप आणि चर्चेचा फोरम एकाच ॲपमध्ये बसवण्याची धडपड गेली काही वर्षे सुरू आहे. ती जमली का?

चॅट आणि फोरममध्ये फरक काय?

चाळीत राहिलेल्यांना तो वेगळा सांगावा लागत नाही. गॅलरीत गप्पा चालत आणि जिन्यापाशी फळा असे. गॅलरीतले बोलणे तिथेच विरून जायचे, त्यातच त्याची मजा होती. फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना मात्र पुसेपर्यंत राहायची. रात्रपाळी करून आलेला गिरणी कामगारही ती सकाळी वाचून मगच जिना चढायचा.

चॅट म्हणजे गॅलरी. नवा संदेश आला की जुना वर सरकतो. फोरममध्ये प्रत्येक विषयाला मथळा असतो, उत्तरे त्याखालीच येतात आणि महिन्याभराने कोणी उत्तर दिले तरी तो विषय पुन्हा वर येतो. व्हॉट्सॲपने गॅलरी खिशात आणून दिली, फळा मात्र मागेच राहिला. २०२२ मध्ये ग्रुपची सदस्यमर्यादा २५६ वरून ५१२ आणि पुढे १,०२४ झाली, म्हणजे गॅलरीतली गर्दी तेवढी वाढली.

कंपन्यांनी काय केले?

सप्टेंबर २०२२ मध्ये डिस्कॉर्डने फोरम चॅनेल आणले. नोव्हेंबरमध्ये टेलिग्रामने मोठ्या ग्रुपमध्ये ‘टॉपिक्स’ची सोय दिली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपचे ‘कम्युनिटीज’ जगभर सुरू झाले. त्यात अनेक ग्रुप एका छत्राखाली येतात आणि वर फक्त ॲडमिनला नवी सूचना टाकता येईल असा सूचनांचा ग्रुप असतो. झुलिप हे मुक्त स्रोत ॲप सर्वांत शिस्तीचे. तिथे संभाषणांची मांडणीच विषयवार आहे.

यात व्हॉट्सॲपचा उपाय सर्वांत अपुरा वाटतो. फळा मिळाला, पण खडू फक्त ॲडमिनच्या हाती. रहिवाशाचा प्रश्न खालच्या ग्रुपमध्ये वाहून जातो तो जातोच. शिवाय वडिलांच्या पश्चात ग्रुपमध्ये आलेल्या मुलाला आधीचे संदेश आपोआप दिसत नाहीत. चार वर्षांचा व्यवहार त्याने कोणाकोणाला विचारायचा?

मग सगळ्यांनी फोरमच का वापरू नये?

कारण मथळा लिहायचा कंटाळा. विसर्जनाच्या दिवशी लालबागच्या गर्दीत ‘दोर कुठे ठेवलाय?’ हे विचारायला कोणी विषय निवडत बसणार नाही. तिथे चॅटच हवे. वर्गणीच्या हिशेबाचे तसे नाही. तो पुढल्या वर्षीही सापडला पाहिजे.

म्हणून आधी बोलू द्यावे आणि मग कामाचा संदेश, त्याखालच्या उत्तरांसह, उचलून विषयात ठेवता यावा, ही रचना जास्त व्यवहार्य ठरते. पण उचलणार कोण? खरी मेख इथे आहे. हा अधिकार एकट्या ॲडमिनकडे असेल तर कमिटीला अडचणीचा प्रश्न फळ्यावर कधीच चढणार नाही. तो प्रत्येक सदस्याला हवा. शिवाय काढून टाकलेल्या विषयाची नोंद सर्वांना दिसायला हवी.

दुसरी अडचण खास आपली. एकाच ग्रुपमध्ये कोणी ‘सभा’ लिहितो, कोणी ‘बैठक’, कोणी रोमन लिपीत ‘मीटिंग’. अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला हे तीन वेगळे शब्द. कागदांचे फोटो आणि आवाजी संदेश तर बहुतेक वेळा शोधात हाती लागतच नाहीत. विषयाला मथळा असेल तर यातली निम्मी डोकेदुखी टळते.

नंबरचा प्रश्नही आहेच. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शेकडो अनोळखी सदस्यांना आपला मोबाइल क्रमांक दिसतो, म्हणून अनेक महिला नुसत्या वाचत राहतात किंवा घरातल्या पुरुषाचा नंबर देतात. नंबराऐवजी नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये हा संकोच कमी होतो.

ग्रुपवरचा ‘अंगठा’ म्हणजे संमती का?

नाही. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला ५१ टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते. मसुद्याखाली पाठवलेला अंगठा त्यात मोजला जात नाही. सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाला ॲडमिन जबाबदार का, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निर्णय दिला. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय निव्वळ ॲडमिन असल्यामुळे तो दोषी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना उपविधींनुसार १४ दिवस आधी द्यावी लागते. पनवेलला राहायला गेलेल्या सभासदाने तारखेबरोबर विषयपत्रिकाही मागून घ्यावी. ग्रुपवर बहुतेकदा नुसती तारीख येते.