ब्रिटन ते फ्रान्स: विमान की फेरीबोट?

लंडनहून फ्रान्सला जायचं म्हटलं की आधी स्वस्त विमानाचं तिकीट दिसतं. पण थांबा, पूर्ण हिशोब करा!

✈️ विमान: स्वस्त भाड्यात बहुधा सीटखाली मावेल एवढीच बॅग नेता येते. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे. विमानतळही तपासा. 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून सुमारे ८५ किमीवर आहे, म्हणजे पुढे बसचं भाडं आणि तासाभराहून जास्त वेळ आलाच.

⛴️ फेरीबोट: डोव्हर ते कॅले साधारण दीड तास. इथे दोन्ही देशांमधली खाडी जेमतेम ३३ किमी रुंद आहे. न्यूहेवन ते दिएप सुमारे चार तास, तर पोर्ट्समथहून काँला रात्रीची बोट मिळते. केबिन घेतली तर झोपेत प्रवास होतो. गाडी, सायकल सोबत नेता येते. मात्र काही मार्गांवर पायी प्रवाशांना घेत नाहीत, बुकिंगआधी बघून घ्या.

🥦 गंमत म्हणजे ब्रिटनी फेरीज ही कंपनी फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांतातल्या शेतकऱ्यांनी उभी केली. फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडला पाठवण्यासाठी! १९७३ मध्ये रॉस्कॉफ–प्लिमथ मार्ग सुरू झाला.

🛂 डोव्हरला फ्रेंच पासपोर्ट तपासणी बोटीत चढण्यापूर्वीच होते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे असतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनो, ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो.

माझं मत: एकटे असाल आणि सामान हलकं असेल तर विमान; कुटुंब, गाडी आणि भरपूर बॅगा असतील तर बोटच. तुम्ही कुठल्या मार्गाने गेलात? कमेंटमध्ये नक्की सांगा.