मुस्तफाचे यंत्र आणि चितेगावचे कारागीर

नव्वदीच्या दशकात बाजारपेठेतल्या एखाद्या अरुंद गाळ्यात, पाठीवर दप्तर घेऊन उभ्या राहिलेल्या मुलांनी ज्याच्यापुढे खाऊचे पैसे संपवले, ते व्हिडिओ गेमचे यंत्र आज कोणी विक्रीस काढले, तर ते घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा आणि ऐपतीचा वाटेल. परंतु त्या यंत्राची घडण बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते, की त्याचे उत्तर खरेदीदाराच्या गावात कोणती कारागिरी शिल्लक आहे यावर अधिक अवलंबून आहे, आणि त्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगराएवढे अनुकूल शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

अमेरिकेत अटारी कंपनीने 1972 साली ‘पाँग’ बाजारात आणला, जपानच्या तैतोने 1978 साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांचा खरा बहर मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, कॅपकॉम कंपनीच्या 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने आणि 1993 च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ने घडवून आणला. या दुसऱ्या खेळाचे छापील नाव फारसे कोणी घेतले नाही. त्यातील चार नायकांपैकी एकाचे, मुस्तफाचे, नाव त्या खेळालाच कायमचे चिकटले. जपानी उत्पादकांनी 1985 च्या सुमारास ‘जामा’ नावाचा 56 जोडबिंदूंचा सामाईक प्रघात ठरवून दिला होता, त्यामुळे पेटी तीच ठेवून आतले किट, म्हणजे खेळाचे सर्किट बोर्ड, तेवढे बदलले की खेळ बदलत असे; आणि याच सोयीमुळे आपल्या सुतारांनी प्लायवूडच्या पेट्या घडवल्या, त्यांत टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवली आणि किट बाहेरून मागवले. जपानहून आलेल्या मूळ यंत्रापेक्षा अशी देशी पेटी आपल्यासाठी अधिक मोलाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण परकीय कंपनीचा इतिहास तिच्या देशात जपला जाईलच, आपल्या सुताराचा इतिहास आपल्यावाचून कोणी जपणार नाही.

पेटीला वाळवी लागली असेल तर लाकूड बदलता येते, जॉयस्टिक व बटणे आजही मिळतात. किटची गोष्ट थोडी नाजूक आहे: मुस्तफाच्या अस्सल किटमध्ये ध्वनीविभागाची सांकेतिक किल्ली एका छोट्या बॅटरीच्या आधाराने स्मृतीत टिकून असते आणि बॅटरी संपताच ती पुसली जाते, म्हणून ती बॅटरी कधी बदलली हे विक्रेत्यास विचारावेच. तथापि यंत्राचा प्राण आहे तो पिक्चर ट्यूबमध्ये. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठीचे तीन किरण ट्यूबच्या मानेवरच्या योकच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या, चुंबकीय बळाने वळत, सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक ओळी रेखीत काचेवरची प्रकाशद्रव्ये उजळवतात. आणि त्या काळच्या चित्रकारांनी आपली चित्रे या ओळींची मृदुता गृहीत धरूनच रंगवली, त्यामुळे एलसीडी पडद्यावर तीच चित्रे भरड आणि निर्जीव दिसतात. म्हणून यंत्र पाहावयास जाताना विक्रेत्यास अगोदरच सांगून ठेवावे, की ते आमच्यासमोर थंड अवस्थेतून सुरू करा. चित्र उजळावयास फार वेळ लागला, एखादा रंग फिका पडला वा जुन्या खेळाची आकृती काचेवर कायमची भाजलेली दिसली, तर ट्यूब वीक झाली असे समजावे. एलओटी, म्हणजे ट्यूबला उच्च दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, बदलता येतो, कंडेन्सर बदलता येतात. विझत चाललेली ट्यूब बूस्ट करून काही काळ सावरते, पण तेवढेच. शिवाय ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो भार आत राहू शकतो, म्हणून हौशी माणसाने मागची फळी स्वतः उघडण्याचे साहस कदापि करू नये.

ते काम जाणत्या कारागिराचेच, आणि या जागी संभाजीनगरचे महत्त्व आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात धूत परिवाराच्या व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि या शहराच्या परिसरातील असंख्य तरुणांचे हात टीव्हीसंचांच्या जोडणीत, जुळणीत आणि तपासणीत तयार झाले. भरूचला या उद्योगाचा ट्यूबच्या काचेचा कारखाना होता. 2005 साली तर त्याने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय, पोलंड, इटली, चीन व मेक्सिकोतील कारखान्यांसह, विकत घेतला. परंतु त्याच सुमारास जग सपाट पडद्यांकडे वळले होते, आणि कर्जाच्या भाराखाली दबलेली कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. कारखान्याची मालमत्ता दिवाळखोरी हाताळणाऱ्या लवादाच्या दप्तरी नोंदवता येते. कारागिराच्या बोटांतली विद्या कोणत्याही दप्तरात नोंदवली जात नाही. योकच्या पाचरा किंचित सरकवून विस्कटलेले रंग जुळवणारी ही पिढी आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. 1972 चा पुरावस्तू कायदा सामान्यतः किमान शंभर वर्षे जुन्या वस्तूंना लागू होतो, तेव्हा नोंदणीचा प्रश्न येथे नाही; घरी खेळावयास परवानाही लागत नाही; मात्र पैसे घेऊन लोकांस खेळवावयाचे झाल्यास पोलीस खात्याच्या परवान्याची चौकशी आधी करावी. उरला प्रश्न यंत्र घेऊन काय करावयाचे याचा. पुण्याच्या केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते न वापरताही आपले सौंदर्य राखतात. हे यंत्र मात्र चालेल तरच यंत्र आहे, म्हणून ते शोभेसाठी दिवाणखान्यात बंद ठेवणार असाल तर घेऊ नये.

तेव्हा माझा निर्णय असा: ट्यूब उजळ असेल, आणि व्यवहार ठरण्यापूर्वी एखादा जुना टीव्ही कारागीर ते यंत्र उघडून पाहण्यास राजी असेल, तर किट नकली असले तरी अवश्य घ्यावे, आत एलसीडी बसवलेला असेल तर केवळ लाकडाचे मोल द्यावे. आणि चितेगावच्या कारखान्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, अशा वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की आपल्या कामाची टिपणे त्यांनी मराठीत लिहून काढावीत आणि जवळच्या एखाद्या आयटीआयच्या ग्रंथालयात ठेवावयास द्यावीत.