एंजिनातील तेल आणि तांबडा दिवा

मोटारीच्या चालकासमोरील दर्शक-फलकावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला एक तांबडा दिवा असतो. किल्ली फिरविली की तो लागतो आणि एंजिन सुरू झाले की विझतो. दिवा विझलेला आहे त्या अर्थी एंजिनात तेल पुरेसे आहे, अशी पुष्कळ मोटारमालकांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. हा दिवा तेलाचे प्रमाण दाखवीत नाही. तो तेलाचा दाब सांगतो, आणि तोही दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावरच. प्रमाण आणि दाब या दोन गोष्टी भिन्न का आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्याने सुस्थितीतील एंजिन थोड्या मिनिटांत कसे निकामी होते, हे येथे पाहावयाचे आहे.

वंगण ही मोटारीबरोबर आलेली वस्तू नव्हे. आखाला वंगण घातल्यावाचून गाडीवान लांबच्या वाटेला बैलगाडी काढीत नसे. आणि आख कोरडा पडला की तो कुरकुरू लागून आपली तक्रार स्वतःच सांगे. बैलाच्या चालीने फिरणाऱ्या चाकात वंगणाचे काम एवढेच, की घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये काहीतरी बुळबुळीत राहावे. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात मात्र तेल याहून निराळे कार्य करते, आणि ते कार्य एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापर्यंत कोणास नीट उमगले नव्हते.

इंग्लंडात बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याने आगगाडीच्या आसांच्या धारव्यांवर, म्हणजे ज्यांना कारखान्यात बेअरिंग म्हणतात त्यांवर, प्रयोग केले. त्यांचा पहिला अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल घालण्यासाठी टॉवरने धारव्याच्या माथ्यावर एक छिद्र पाडले, तो आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल उलट वर येऊन वाहू लागले. त्याने छिद्रात बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. शेवटी त्याने तेथे दाबमापक जोडला. धारव्यावरील सरासरी भार दर चौरस इंचास सुमारे १०० पौंड होता. मापकाचा काटा मात्र २०० पौंडांची शेवटची खूण ओलांडून गेला. तात्पर्य, फिरता आस धातूवर टेकलेला नव्हताच. तो तेलावर तरंगत होता.

असे का घडते, याचे गणित ऑस्बर्न रेनल्ड्स याने १८८६ साली मांडले. आस धारव्याच्या बरोबर मध्यभागी नसतो, किंचित एका बाजूस असतो; त्यामुळे दोहोंमधील फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते. फिरणारा आस तेलाला चिकटपणामुळे आपल्याबरोबर ओढतो व त्या निमुळत्या फटीत कोंबतो. तेथून सहज निसटता न आल्यामुळे तेलात दाब उत्पन्न होतो आणि तो दाब आसाला उचलून धरतो. मात्र त्यासाठी तीन गोष्टी हव्यात: वेग, तेलाचा पुरेसा दाटपणा आणि तेलाचा अखंड पुरवठा. पहिल्या दोन असून तिसरी नसली, तर काहीच साधत नाही.

आता मोटारीच्या एंजिनाकडे वळू. लहान मोटारीत साधारण तीन लिटर तेल एंजिनाच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या कुंडात साठविलेले असते. मेकॅनिक त्यास चेंबर म्हणतात. तेथून पंप जाळी लावलेल्या नळीने तेल ओढतो, गाळणीतून पाठवितो आणि बारीक मार्गांनी भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, प्रत्येक बेअरिंगला पोहोचवितो. मिनिटास ३,००० फेरे, म्हणजे सेकंदास ५० फेरे, हा रस्त्यावरील मोटारीचा नित्याचा वेग होय. ४५ मिलिमीटर व्यासाच्या आसाचा पृष्ठभाग या वेगात सेकंदाला सात मीटर धावतो. त्याच्या व बेअरिंगच्या मधील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते, आणि अधिकात अधिक भाराच्या क्षणी तेलाचा थर मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या आसपास उतरतो. एवढ्या पापुद्र्यावर सगळे एंजिन चालते. शिवाय तेच तेल पिस्टनच्या खालच्या अंगावर उडून त्याची उष्णता काढून नेते. पाणी तेथवर पोहोचत नाही.

येथे मुख्य मुद्दा येतो. नळीचे तोंड जोवर तेलात बुडालेले आहे, तोवर कुंडात तीन लिटर तेल आहे की दोन, हे पंपाला कळत नाही. दाब जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो व दिवा विझलेलाच असतो. तेल आणखी उतरले, आणि एखाद्या वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबताच ते कुंडाच्या एका कडेला गेले, म्हणजे नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते व पंप हवा ओढतो. त्या वेळी दिवा लुकलुकतो. पुष्कळदा चालक म्हणतो, तारेत काही बिघाड असावा. वस्तुतः दिव्याची कळ दाब दर चौरस सेंटीमीटरास अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आल्यावरच जुळते, आणि भर वेगात बेअरिंगला याच्या कितीतरी पट दाब लागतो. काही मोटारींत पातळीचे निराळे दर्शक बसविलेले असतात. परंतु बहुसंख्य गाड्यांत ही गोष्ट सांगणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे डिपस्टिक.

तेल कमी होते तरी कसे? दिल्लीच्या सरोजिनी नगरासारख्या वस्तीतील मोटारीचे उदाहरण घेतले, तर हा प्रश्न चांगला उलगडतो. पूर्वी विनय नगर या नावाने ओळखली जाणारी ही सरकारी नोकरांची वसाहत असून केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती अपरिचित नाही. येथून कर्तव्य पथाच्या परिसरातील कार्यालये सहा-सात किलोमीटरांवर आहेत. जानेवारीच्या थंड सकाळी निघालेल्या मोटारीचे तेल इतक्या अंतरात पुरते तापतही नाही. थंड एंजिनाला अधिक पेट्रोल लागते. त्यातील काही न जळता पिस्टनच्या कड्यांवरून खाली उतरते व तेलात मिसळते. ज्वलनातून निघालेली पाण्याची वाफही तेथेच थिजते. इकडे थोडे तेल जळून जात असते, तिकडे पेट्रोल व पाणी त्याची जागा भरून काढीत असतात. डिपस्टिकवर पातळी जशीच्या तशी दिसते आणि मालक निर्धास्त राहतो.

मग एखाद्या सुटीत हे कुटुंब आग्र्यास निघते. २०१२ साली खुला झालेला यमुना द्रुतगती मार्ग ग्रेटर नॉइडापासून आग्र्यापर्यंत १६५ किलोमीटर लांब आहे. वाटेत कोठे थांबण्याचे कारण नाही, वेग सतत मोठा. तेल शंभर अंशांवर तापते, त्यातील पाणी व पेट्रोलचा बराचसा अंश उडून जातो, आणि जी घट गेले कित्येक आठवडे झाकलेली होती ती तासा-दीड तासात उघडी पडते. तेल तापल्यामुळे पातळही झालेले असते. मे-जून महिन्यांत हवाच पंचेचाळीस अंशांकडे गेलेली असली, तर त्यात भरच पडते.

दुसरे कारण धूळ. २०१६ साली मंजूर झालेल्या पुनर्विकास योजनेखाली सरोजिनी नगरातील जुनी घरे पाडून उंच इमारती बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. बांधकामाच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लोखंडाहून कठीण असतात. हवेची गाळणी फाटकी किंवा सैल असल्यास हे कण सिलिंडरात शिरतात व पिस्टनची कडी घासून टाकतात. अशा एंजिनाला मेकॅनिक ‘ऑइल खाते’ असे म्हणतात. परंतु निरोगी एंजिनही थोडे तेल खातेच. दर हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर ही काही मोठी घट नव्हे. पण दहा हजार किलोमीटरांनी ती एक लिटर होते, आणि डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणांमधील अंतर पुष्कळ गाड्यांत एवढेच असते. दोन सर्व्हिसिंगांच्या दरम्यान कधीच झाकण न उघडणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा.

तेलाच्या रंगावर विसंबणेही बरे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जुलै १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या डिझेलवरून सी.एन.जी.वर आणल्या गेल्या. २००२ साल संपेपर्यंत हे काम पुरे झाले. पुढे असंख्य खाजगी मोटारींनीही तोच मार्ग धरला. या वायूच्या ज्वलनात काजळी फारच थोडी होते. म्हणून तेल दीर्घकाळ सोन्यासारखे दिसते. ते स्वच्छ दिसते याचा अर्थ ते पुरेसे आहे असा नव्हे, आणि चांगले उरले आहे असाही नव्हे.

तेलाचा पुरवठा तुटल्यावर घडणारा क्रम असा. पापुद्रा फाटतो व आस बेअरिंगच्या अस्तराला घासू लागतो. हे अस्तर मुद्दाम मऊ धातूचे केलेले असते. बहुधा त्यात कथील असते, आणि कथील २३२ अंशांवर वितळते. घर्षणाने एवढी उष्णता सेकंदांत उत्पन्न होते. अस्तर पुसले जाऊन फट वाढते. वाढलेल्या फटीतून तेल भराभर निसटते. त्यामुळे दाब आणखी खाली येतो व शेजारच्या बेअरिंगवरही तोच प्रसंग ओढवतो. एकदा सुरू झालेली ही हानी आपल्याच पायांनी पुढे धावते. आता एंजिनातून ठक्‌ठक् असा जड आवाज येतो. त्यानंतर बेअरिंग आपल्या घरातच फिरून तेलाचे छिद्र बंद करते, किंवा भुजादंडाला चिकटते. पिस्टनला जोडणारा दांडा त्या वेळी मोडला, तर तो एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. इकडे पिस्टनही तापलेला असतो. त्याचे ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून सिलिंडरात तो पाचरीसारखा अडकतो. यालाच ‘एंजिन सीझ झाले’ असे म्हणतात. द्रुतगती मार्गावर, पाठीमागून ट्रक येत असता, गाडीची शक्ती अकस्मात जाणे हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही.

टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत पहिला घाव त्याच्यावर बसतो, कारण त्याचा आस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो. वेळीच गाडी थांबली, तर भुजादंड घासून त्यावर जाड बेअरिंगे बसविता येतात. भिंत फुटल्यावर एंजिन बदलण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.

दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी कडेला घेऊन एंजिन तत्काळ बंद करावे. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेऊ’ हा विचार घातक आहे. मंद गतीतही एंजिन दर मिनिटास आठशे ते हजार फेरे कोरडेच फिरत असते. शंभर रुपयांचे अंतर वाचविण्यासाठी असे गमावलेले एंजिन लाखाच्या घरात जाऊ शकते.

डिपस्टिक पाहण्यासाठी गाडी सपाट जागी असावी. सरोजिनी नगरात, किंबहुना दिल्लीत कोठेही, जागेच्या टंचाईमुळे एक बाजू पदपथावर चढवून गाड्या उभ्या केलेल्या दिसतात. अशा तिरक्या गाडीत पातळीचा अंदाज चुकतो. एंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे वर गेलेले तेल खाली उतरते. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण बुडवावी व मग वाचावी. हे पंधरवड्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासापूर्वी व प्रवासात पेट्रोल घेताना अवश्य करावे. तेल कमी आढळल्यास कारखानदाराने सांगितलेल्या प्रतीचेच, थोडथोडे घालावे. वरच्या खुणेच्याही पलीकडे भरल्यास भुजादंड तेलात आपटून त्याचा फेस करतो, आणि फेसात हवा असल्यामुळे बेअरिंगला तेल पुन्हा अपुरेच मिळते.